फवारणीआधी पान उलटून बघा
पावसाची झड लागली, की बार्शीटाकळीकडच्या काकडी-दोडक्याच्या वेलांना केवडा गाठतो, आणि फवारा मात्र अनेकदा भुरीचा पडतो. भुरीत पानावर पांढरी पिठी दिसते. तिला गंधक चालते. केवड्याचे तसे नाही. वरून शिरांनी अडवलेले पिवळे, कोनाकोनांचे डाग, आणि सकाळच्या दवात पान उलटले तर खाली करडी-जांभळट लव. ही खरी बुरशीसुद्धा नव्हे, कुळाने शेवाळाच्या जवळची. गंधकाने ती हटत नाही. उलट कडक उन्हात वेलाचीच पाने करपतात. तिच्यावरचा जुना उतारा म्हणजे मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण, १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी द्राक्षाच्या केवड्यासाठी पुढे आणलेले.

रोग बघता बघता मळा खातो, तज्ज्ञाची वाट कोण पाहणार, हा आक्षेप रास्त आहे. पण पान उलटायला प्रयोगशाळा लागत नाही. कृषी केंद्रांनी पान पाहिल्याशिवाय औषध देऊ नये, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने दोन्ही रोगांच्या पानांची चित्रे प्रत्येक दुकानात लावावीत. चुकीच्या औषधाचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी बसतो, आणि तोवर केवडा वाऱ्यावरून शेजारच्या मळ्यात पोचलेला असतो.