कार्ड परमुलखात, पुंजी कामठीत

कामठीला परमुलखाशी होणारे पैशाचे व्यवहार नवे नाहीत. 1821 मध्ये कन्हान नदीच्या काठी इंग्रजांची छावणी पडली, छावणीच्या बाजाराभोवती गाव वाढले आणि बाजाराच्या आधाराने सावकारी पेढ्या उभ्या राहिल्या. बन्सीलाल अबीरचंद यांच्या नावाची पेढी त्यांतलीच. नागपूरच्या कस्तुरचंद पार्कला ज्यांचे नाव आहे ते सर कस्तुरचंद डागा याच घराण्यातले. त्या काळी दूरदेशी जाणारा व्यापारी रोकड कमरेला बांधून नेत नसे, तो हुंडी नेई. शाहजोग हुंडीची रक्कम वाटेल त्या वाहकाच्या हाती पडत नसे. बाजारात ज्याची पत आहे अशा शाहामार्फतच ती वटे, आणि हुंडी खोटी निघाली तर रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. हुंडी हरवली तर पेठ आणि पेठही गहाळ झाली तर परपेठ लिहून मिळे. माणूस वस्तू हरवतो, चोर ती चोरतो, हे त्या व्यवस्थेने आधीच गृहीत धरले होते आणि नुकसान कोणी सोसायचे हेही ठरवून ठेवले होते.

हुंडीची जागा आज प्लॅस्टिकच्या एका कार्डाने घेतली आहे, आणि परदेशी जाणाराही आता पेढीचा गुमास्ता राहिलेला नाही. तो निवृत्त शिक्षक असतो, विडी कारखान्यातील हिशेबनीस असतो, शिष्यवृत्तीवर निघालेला विद्यार्थी असतो. 1999 मध्ये जपानी साहाय्याने ड्रॅगन पॅलेस उभा राहिल्यापासून कामठीचे नाव बौद्ध जगाशी जोडले गेले आहे. येथील उपासकांना लुंबिनी, श्रीलंका, थायलंड ही ठिकाणे पूर्वीइतकी दूरची वाटत नाहीत. नागपूर हे हज यात्रेचे प्रस्थान केंद्र असल्याने कामठीच्या मोहल्ल्यांतील यात्रेकरू घराजवळूनच मक्केचा रस्ता धरू शकतात. या माणसांची पुंजी बहुधा एकाच बचत खात्यात असते. निवृत्तिवेतन त्याच खात्यात येते, मुलीच्या लग्नासाठी बाजूला टाकलेली रक्कमही तेथेच असते, आणि त्या खात्याची किल्ली असलेले डेबिट कार्ड प्रवासात खिशात असते. प्रश्नाचे गांभीर्य येथे आहे.

एके काळी चिंता निराळी होती. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याच्या हाती आठ डॉलर पडत आणि त्यांवर त्याने नवे जग पाहावे अशी अपेक्षा असे. 1973 चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, चलनाच्या प्रत्येक छदामावर पहारा ठेवी. 1999 च्या ‘फेमा’ने तो पहारा सैल केला आणि 2015 पासून निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवण्याची किंवा नेण्याची मुभा आहे. चलनाचा दुष्काळ संपला ही आनंदाचीच गोष्ट होय. मात्र जुन्या कायद्याचा जाच ज्यांनी सोसला त्यांची सावधगिरी पुढच्या पिढीत उतरलेली नाही, आणि बँकांनीही ती शिकवण्याचे कष्ट फारसे घेतलेले दिसत नाहीत.

हजचेच उदाहरण घेणे उचित ठरेल. पूर्वी भारतीय हज समिती यात्रेकरूने भरलेल्या रकमेतूनच त्याच्या हाती 2,100 रियाल रोख देई. 2023 मध्ये ही प्रथा बंद झाली. आपले चलन आपण मिळवावे असे ठरले आणि भारतीय स्टेट बँकेमार्फत रोख रियाल वा चलन भरलेले कार्ड घेण्याची सोय करण्यात आली. निर्णयात तत्त्वतः गैर काही नव्हते, कारण ज्याला कमी रक्कम पुरते त्याने 2,100 रियाल सक्तीने का घ्यावेत? परंतु त्यामुळे जी निवड पूर्वी समिती करी ती साठी-सत्तरीच्या यात्रेकरूवर येऊन पडली. चलनाच्या नियमांनी हज व उमराच्या यात्रेकरूंना रोख नेण्याबाबत खास सवलत दिलेली आहे. इतर बहुतेक देशांच्या प्रवाशांना नोटांच्या रूपात जी तीन हजार डॉलरची मर्यादा असते ती त्यांना नाही. सवलतीचा परिणाम असा की, कार्डाची भीती वाटणारा सारेच रोख नेतो, आणि कार्डाची सवय असलेला घरचे डेबिट कार्ड तेवढे घेऊन निघतो. पुरुषांच्या इहरामच्या दोन वस्त्रांना खिसा नसतो. कमरेच्या पट्ट्यात रियाल, कार्ड, भ्रमणध्वनी आणि कागदपत्रे एकत्र कोंबलेली असतात. मीनेच्या गर्दीत तो एक पट्टा गेला म्हणजे सर्वच गेले.

चलन आधीच भरून नेण्याचे कार्ड, ज्याला व्यवहारात फॉरेक्स कार्ड म्हणतात, त्याचा मोठा गुण सोयीचा नसून त्याला असलेल्या कुंपणाचा आहे. त्यात जेवढे भरले तेवढेच जाऊ शकते. त्याची वाट बचत खात्यापर्यंत पोहोचत नाही. क्रेडिट कार्डावर गैरव्यवहार झाला तर वाद निदान बँकेच्या पैशाविषयी असतो, ग्राहकाला बिलावर हरकत घेता येते. डेबिट कार्डावर तो झाला तर पैसा आधी जातो आणि ग्राहक मागाहून अर्ज करीत फिरतो. म्हणून खर्चाला भरलेले कार्ड, अडीअडचणीला वेगळ्या ठिकाणी ठेवलेले दुसरे कार्ड व थोडी रोकड, आणि बचत खात्याचे डेबिट कार्ड शक्य तो घरी, ही विभागणी शहाणपणाची ठरते. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढणे मात्र टाळावे, कारण त्या रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज चढते, वर शुल्क निराळे. लुंबिनीला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. नेपाळ व भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन मिळतच नाही; तेथे व्यवहार भारतीय रुपयांतच करावा लागतो.

चोरी म्हणता येणार नाही अशीही एक गळती आहे. दुकानातील यंत्र परदेशी पाहुण्याला नम्रपणे विचारते, बिल रुपयांत द्यायचे की स्थानिक चलनात? ओळखीचा रुपया पाहून हात आपोआप तिकडे वळतो. वस्तुतः त्या क्षणी विनिमयाचा दर ठरवण्याचा अधिकार दुकानदाराच्या बाजूला दिलेला असतो आणि तो दर ग्राहकाच्या हिताचा क्वचितच असतो. रियालचा भाव 1986 पासून डॉलरला 3.75 असा बांधलेला आहे. रियालमध्ये बिल दिले तर हिशेब कागदावर पडताळता तरी येतो. अर्थात, रुपयांच्या कार्डावर स्थानिक चलनात व्यवहार केल्यासही भारतीय बँक आपला अधिभार लावतेच. तो साडेतीन टक्के असेल तर पन्नास हजारांच्या खरेदीवर 1,750 रुपये, त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर 315, म्हणजे एकूण 2,065 रुपये होतात. कार्ड घेताना हा आकडा विचारणारे ग्राहक थोडेच.

तथापि सर्व सावधगिरी प्रवाशानेच बाळगावी असे म्हणून बँकांना मोकळे सोडता येणार नाही. 2016 च्या ऑक्टोबरात सुमारे 32 लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले. मालक भारतात, कार्ड त्यांच्या खिशात, आणि पैसे मात्र चीन व अमेरिकेत निघत होते. 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो हल्ला झाला त्यात सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्यांतील बरीच मोठी रक्कम 28 देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी काही तासांत काढली गेली. एटीएमकडून आलेल्या विचारणांना बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी चोरांनी घुसवलेली यंत्रणा होकार देत होती. येथे कोणा ग्राहकाने पिन उघड केला नव्हता, कोणी निष्काळजी राहिला नव्हता. ज्या शाहाने वाहकाची ओळख पटवायची त्या शाहाचाच वेष चोराने घेतला होता.

रिझर्व्ह बँकेने काहीच केले नाही असे नव्हे. चुंबकीय पट्टीच्या कार्डांऐवजी चिपची कार्डे देण्याचे काम 2018 अखेर संपवण्यास तिने सांगितले. ऑक्टोबर 2020 पासून नवे कार्ड केवळ देशांतर्गत एटीएम व दुकानांपुरते चालू असते. परदेशी वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो, त्याची मर्यादा ठरवता येते आणि परतल्यावर तो बंदही करता येतो. ही खुंटी फार उपयोगाची आहे. परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी न मागताही कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागील तीन आकडे यांवर खरेदी होऊ शकते, हे लक्षात घेतले म्हणजे या खुंटीचे मोल कळते.

खरी मेख आहे ती 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात. ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसता तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर काहीही भार पडू नये. चार ते सात दिवस लागल्यास सर्वसाधारण बचत खातेदाराचा भार दहा हजारांपर्यंत मर्यादित राहावा. त्यापुढे बँकेच्या धोरणावर अवलंबून. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करावी आणि ग्राहक दोषी असल्याचे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असावा, हेही त्यात आहे. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी असेच नियम लागू झाले. नियम उदार आहे, ग्राहकाची बाजू घेणारा आहे.

परंतु ‘सूचना मिळाल्यापासून’ या दोन शब्दांचा अर्थ कामठीत एक आणि मक्केत दुसरा होतो. सूचना येते ती भारतीय क्रमांकावरील संदेशाने. परदेशी पोहोचताच यात्रेकरू तेथील सिमकार्ड घालतो, कारण रोमिंग महाग वाटते, आणि भारतीय सिम पाकिटात जाते. संदेश पाठवला गेला, पण मिळाला का? घड्याळ केव्हापासून चालू झाले? संदेश कळला तरी 1800 ने सुरू होणारा निःशुल्क क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाही. आणि वयस्कर माणसाला यंत्रावरील अक्षरे दिसत नाहीत म्हणून त्याने सोबतच्या तरुणाला पिन सांगितला असेल, तर परिपत्रकाच्या दृष्टीने तो निष्काळजी ठरतो आणि कळवेपर्यंतचे सर्व नुकसान त्याच्याच माथी येते. म्हातारपणी दुसऱ्याचा आधार घेणे हा दोष कसा, याचे उत्तर नियमात नाही.

यावर उपाय महागडे नाहीत. परदेशी वापर सुरू करण्याची विनंती येताच प्रवासकाळातील क्रमांक व ईमेल बँकेने विचारून नोंदवावा. परदेशातून लागणारा साधा क्रमांक मराठीत आणि उर्दूत छापून कार्डाबरोबर द्यावा. तो प्रवाशाने कार्डापासून वेगळा, कागदावर लिहून ठेवावा. हज प्रशिक्षणाच्या शिबिरात आणि महाविद्यालयांतून परदेशी निघणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर बँकेच्या अधिकाऱ्याने तासभर बसून यंत्र कसे हाताळावे हे दाखवावे, म्हणजे पिन सांगण्याची वेळच कमी येईल. तीन दिवसांची गणना मात्र रिझर्व्ह बँकेनेच सुधारली पाहिजे. पारपत्रावर प्रवासाची नोंद असलेल्या ग्राहकासाठी मुदत त्याच्या परतीपासून मोजण्यास काय अडचण आहे? कार्ड हातात असूनही झालेल्या लबाडीचा पत्ता अनेकांना घरी येऊन पासबुक भरून घेतल्यावरच लागतो.

बँकेने दाद दिली नाही तर तीस दिवसांनंतर 2021 पासून एकत्र झालेल्या लोकपाल योजनेकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठी हाताशी असावे लागते ते मूळ तक्रारीचे लेखी पत्र, तिची तारीख आणि बँकेने दिलेला क्रमांक. फोनवरून तक्रार नोंदवून समाधान मानणाऱ्या प्रवाशाने तीच तक्रार त्याच दिवशी ईमेलनेही पाठवावी. परतल्यावर परदेशी वापर बंद करून पुढच्या दोन महिन्यांचे उतारे ओळीने वाचावेत, त्यातही एक-दोन रियालच्या किरकोळ नोंदी आधी पाहाव्यात. चोरीचे कार्ड चालते की नाही हे चोर अनेकदा अशाच छोट्या रकमेने अजमावून पाहतो.