शोधनिबंध आणि विहीर

महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या अध्यापकानें वर्गांत शिकवावें, संशोधनाच्या फंदांत पडूं नये, असें म्हणणारा एक पक्ष आपल्याकडे जुना आहे. जितके शोधनिबंध तितकी विद्वत्ता, असें मानणारा दुसरा पक्ष अलीकडे प्रबळ झाला आहे. हे परस्परांचे वैरी म्हणून मिरवतात. परंतु लोक पितात त्या पाण्याशीं दोघांनाहि कर्तव्य नाहीं, हें आम्हांस स्पष्ट सांगावयाचें आहे.

पाण्यांतील कीटकनाशकें ओळखणारा जैवसंवेदक सिद्ध करण्यांत उमेद खर्चणाऱ्या अध्यापकाचेंच उदाहरण घ्या. त्याच्या उपकरणाचें तत्त्व सुबोध आहे. मोनोक्रोटोफॉससारखीं सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषें मज्जातंतूंस अत्यावश्यक अशा असेटिलकोलिनेस्टरेज नांवाच्या विकराचें कार्य बंद पाडतात. तेंच विकर विद्युदग्रावर बसवून त्यास योग्य द्रव्य पुरविलें, म्हणजे स्वच्छ पाण्यांत विद्युत्प्रवाह नीट वाहतो. पाण्यांत विष असेल तर तो मंदावतो. जें विष किडीचा प्राण घेतें, तेंच येथें स्वतःची चहाडी करतें! विकर विद्युदग्रावर बसविण्याची कल्पना क्लार्क व लायन्स यांनीं १९६२ सालीं मांडली. मधुमेही मनुष्य घरबसल्या रक्तांतील साखर मोजतो, तें तिचेंच फळ. मग विहिरीच्या कांठीं असें यंत्र कां दिसूं नये?

त्याचीं कारणें दोन. साखर मोजणाऱ्या पट्टीस गिऱ्हाईक आहे. गांवच्या विहिरीस वाली नाहीं. दुसरें कारण अधिक लाजिरवाणें आहे. प्रयोगशाळेंत शुद्ध पाण्यांत मोजून टाकलेलें विष संवेदक अचूक दाखवितो, आणि निबंध छापून येतो. विहिरीच्या पाण्यांत मात्र क्षार असतात, कुजलेल्या पाल्याचा अंश असतो. शिवाय वैशाखाच्या उन्हांत विकर विषावांचूनहि निकामी होतें. ही अडचण दूर करावयाची तर वर्षानुवर्षें गांवोगांव हिंडून, चुका करीत काम करावें लागतें. तेवढ्या अवधींत शेजारचा अध्यापक विद्युदग्रावर सोन्याच्या कणांऐवजीं कार्बनाच्या नलिका बसवून चार निबंध प्रसिद्ध करतो व पुढें जातो. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालीं बढतीसाठीं जी गुणपद्धति लावली, तींत शोधनिबंधांचें सदर होतें. तपासलेल्या विहिरींचें नव्हतें. ती पद्धति पुढें बदलली, पण निबंध मोजण्याची खोड गेली नाहीं.

कोणी म्हणतील, हा संवेदक विष आहे एवढेंच सांगतो, कोणतें तें सांगत नाहीं. मान्य. पण चाळणी धान्य दळीत नाहीं म्हणून ती कोणी फेकून देतो काय? संशयित विहिरी संवेदकानें निवडाव्या. निवाडा मोठ्या प्रयोगशाळेनें करावा. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरास १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमाचा दहा लाखावा अंश आहे. इतकें सूक्ष्म माप नियमांत लिहिणें सोपें. तें विहिरीवर जाऊन मोजतो कोण? २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. तें विष अंगावाटे व श्वासावाटे गेलें होतें, हें खरें. परंतु फवारलेलें सगळेंच विष पानावर राहत नाहीं, पावसाबरोबर कांहीं ओढ्याविहिरींतहि उतरतें.

आमचें मागणें साधें आहे. बढतीच्या वेळीं अध्यापकास विचारावें: तुमच्या यंत्रानें किती विहिरी तपासल्या, आणि तें किती वेळां चुकलें? जिल्हा परिषदांनीं अशीं यंत्रें विकत घेऊन त्यांची परीक्षा उघडपणें करावी. संशोधनामुळें शिकविण्यास वेळ उरत नाहीं, अशी ओरड करणारांनीं विद्यार्थ्यांनाच विहिरीवर न्यावें; रसायनशास्त्राचा त्याहून चांगला वर्ग कोठें भरणार? निबंधांच्या याद्या लांबत आहेत, आणि विहिरीवर घागर भरणाऱ्या बाईला तिच्या पाण्यांत काय आहे, हें अद्याप कोणीं सांगितलेलें नाहीं.