नाणी उजळू नका, जपा

दिवाळी जवळ आली की देवघरातली डबी खाली उतरते. लक्ष्मीपूजनासाठी राणीछाप, राजाछाप रुपये बाहेर निघतात आणि ते चकचकीत करायची घाई सुरू होते. त्या दिवसांत आमच्या अपघात विभागात अधूनमधून कोणी हात भाजलेला, कोणी खोकून बेजार झालेला येतो. काय झाले विचारले की उत्तर मिळते, ‘काही नाही डॉक्टर, जुनी नाणी साफ करत होतो.’

हे ‘काही नाही’ फार महागात पडू शकते. तांब्याच्या नाण्यावर तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, टाकले की तपकिरी वाफ निघते. हा नायट्रोजन डायऑक्साइड. थोडा खोकला येतो, थांबतो, माणूस जेवून झोपतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी साठून त्याला धाप लागते. म्हणून अशी वाफ छातीत गेली असेल, तर बरे वाटत असले तरी दवाखान्यात या. संडास साफ करायचे आम्ल आणि ब्लीच एकत्र केले, तर विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि आम्ल कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच ठेवू नका. घरातले लहान मूल ती तोंडाला लावते.

सायनाइडचे तर नावच नको. सॅनफर्ड सॉल्टस हे नामवंत अमेरिकन नाणेसंग्राहक. 1922 मध्ये लंडनच्या हॉटेलात नाणी साफ करताना त्यांनी शेजारच्या पेयाऐवजी पोटॅशियम सायनाइडचा पेला उचलला आणि प्राण गमावले. जाणकाराची ही गत, तर आपली काय?

बरे, जीव धोक्यात घालून मिळते काय? चांदीवरचा काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने झालेला सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर. तांब्यावरचा तपकिरी थर ऑक्साइडचा. घट्ट बसलेला असा थर खालच्या धातूला सांभाळतो. जखमेवरची खपली आम्ही ओढून काढत नाही, तसेच हे. आम्ल थराबरोबर धातूही खाते, घासणीने अक्षरे झिजतात. तांब्याचा हंडा चिंचेने घासला तर बिघडत नाही, त्याचा पत्रा जाड असतो. नाण्यावरची अक्षरे केसाएवढी उंच. लहानपणी मी आजोबांची शिवराई चिंच आणि राखेने घासली होती. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’ असायला हवे होते. माझ्या हातात लालभडक गुळगुळीत चकती उरली. आजोबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागले.

काळेपणा हा बहुधा रोग नसतोच. मात्र तांब्या-काशाच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुसभुशीत पूड दिसली तर तो क्लोराइडचा विकार. दमट हवेत तो वाढत जातो. असे नाणे वेगळे, कोरडे ठेवा आणि संवर्धन तज्ज्ञाला दाखवा. तो सूक्ष्मदर्शकाखाली, लागेल तेवढाच हात लावतो. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. तिथे विचारणा करता येते. शेतात नाणी सापडली तर मातीसुद्धा झटकू नका. 1878 च्या कायद्याप्रमाणे, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाच्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

पूजेतला जुना रुपया स्वच्छ पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपला तरी पुरे. त्याला कडेने धरा, हळद-कुंकू कागदावर वाहा, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून सुटणारे आम्ल नाणे खाते. झळाळीच हवी असेल तर सराफाकडून नवे नाणे आणा.

आणि आम्ल अंगावर उडालेच तर लिंबू, सोडा, टूथपेस्ट काही लावू नका. किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरा. पोटात गेले तर उलटी करवू नका, बाटलीसह थेट रुग्णालय गाठा. आम्हाला दिवाळीत तुमची भेट फराळापुरतीच हवी आहे.