मामींचे कान आणि टिटॅनियमची डबी

गेल्या दिवाळीच्या तोंडावर अहिल्यानगरला गेलो होतो. (तोंडात अजून ‘नगर’च येते, त्याला इलाज नाही.) कापड बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, पण मामांच्या घरी मात्र चकलीचा सोऱ्यासुद्धा माळ्यावरून उतरला नव्हता. मामींची नाडी चाळिशीच्या खाली आलेली, दोनदा भोवळ येऊन पडलेल्या. डॉक्टरांनी पेसमेकर सांगितला होता आणि मामी ‘नाही’ म्हणून बसल्या होत्या.

“अरे, खोटे कानातले घातले तर दोन दिवसांत कान चिघळतात माझे. घड्याळाच्या बकलाने मनगटावर पुरळ येते. आणि आता धातूची डबी कातडीच्या आत? खाज सुटली तर खाजवू कुठे?”

प्रश्न भाबडा नव्हता. मामींना चावते ते बहुधा निकेल. खोट्या दागिन्यांच्या मुलाम्याखाली ते दडलेले असते आणि घामाने सुटून कातडीत उतरते. हृदयातले भोक बुजवण्याची पुष्कळशी साधने निकेल आणि टिटॅनियमच्या मिश्रधातूची असतात. त्यात निम्म्याहून अधिक निकेलच. स्टेनलेस स्टीलच्या स्टेंटमध्येही ते असते. निकेल न सोसणाऱ्यांपैकी बहुतेकांना हीसुद्धा सोसतात, तरी डॉक्टरांच्या कानावर आधी घालावे. पेसमेकरची डबी मात्र टिटॅनियमची, आणि त्याचे वावडे फारच विरळा.

वावडे ओळखायला पाठीवर धातूंच्या क्षारांच्या पट्ट्या 48 तास चिकटवतात. पाठ भिजवायची नाही, म्हणजे अभ्यंगस्नान बुडाले! पण डॉक्टर म्हणाले, “तुमचे हृदय पट्ट्यांसाठी थांबणार नाही. अगदी टिटॅनियमच सोसत नसेल, तर सोन्याचा मुलामा दिलेला पेसमेकरही बसवलेला आहे लोकांना.”

शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर 1958 साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना मिळाला. एल्मक्विस्ट या इंजिनियरने तो बुटाच्या पॉलिशच्या डबीत राळ ओतून घडवला होता. काही तासांतच तो बंद पडला. पुढे बदलत बदलत लार्सन 2001 पर्यंत, वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगले. ही हकिगत मामींना दोनदा सांगावी लागली.

वसुबारसेला पेसमेकर बसला. जखम लाल झाली, सुजली, तर वावडे समजून घरी हळद लावत बसू नका, आधी जंतुसंसर्गाची शंका घ्या आणि लगेच या, अशी ताकीद मिळाली. तशी वेळ आली नाही. डावा हात वर न्यायचा नाही म्हणून सोऱ्या मामांनी काढला.

मामींची तक्रार एकच उरली आहे: “सोन्याचा मागायला हवा होता रे!”