वैशाखातील सायकलस्वारी आणि ऋतुचर्या

उन्हाळी सुट्टीत मित्रांसमवेत सायकलीवरून बालाघाटच्या डोंगरवाटा तुडवीत कपिलधार गाठण्याचा तरुणांचा उत्साह स्वागतार्हच आहे. तथापि सल्ला विचारावयास आलेल्यांना आपण काय सांगावे?

अष्टांगहृदयात वाग्भटांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीस शीतकाळी व वसंतात अर्धशक्ती, अन्य काळी मंद व्यायाम सांगितला आहे. ग्रीष्मात तर व्यायाम व ऊन दोन्ही वर्ज्य आहेत. मासगणनेने चैत्र-वैशाख हा वसंत. परंतु बीडमध्ये वैशाखात ग्रीष्माचीच लक्षणे दिसतात. म्हणून आमच्या मते, येथे पंचांगापेक्षा ऋतुलक्षण प्रमाण मानावे. पहाटे निघून ऊन तापण्यापूर्वी परतावे, चढण थोडी ठेवावी. कपाळी-काखेत घाम व मुखशोष ही अर्धशक्तीची खूण दिसण्याआधीच थांबावे.

औषधी दुकानदार बंधूंनी उशीरासव, चंदनासव हे उन्हात हिंडण्याचा परवाना म्हणून देऊ नये. भ्रम, असंबद्ध बडबड वा बेशुद्धी दिसताच अंग पाण्याने गार करीत रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे आसव पाजत बसणे प्राणावर बेतेल.

मनसोक्त चढणीची हौस असणाऱ्यांना हेमंताची वाट पाहण्यास सांगावे.