वाढीतला वाटा

वडगाव रासाईच्या शिवारात भीमेच्या पाण्यावर ऊस उभा आहे. रांजणगावला मोठी औद्योगिक वसाहत आहे. त्याच शिरूर तालुक्यातील पाबळ-केंदूरचा भाग मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची वाट पाहत आला. वाढ झाली, ती सर्वांच्या दारी सारखी पोहोचली नाही. यावर ‘आधी संपत्ती वाढू द्या, वाटपाचे नंतर पाहू’ असे सांगितले जाते. महाराष्ट्राचा अनुभव निराळा आहे.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळकाळात राज्यभर विस्तारली. १९७५ मध्ये तिच्यासाठी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला आणि तेवढीच भर शासनाने घालावी असे ठरले. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला व मागेल त्याला काम हा हक्क झाला. शहरातील पगाराचा अंश खेड्यातील मजुराच्या हाती पडला. त्याच्या श्रमांतून पाझर तलाव, बंधारे, रस्ते झाले. जिथे पाणी अडले, तिथे पीक वाढले. वाटपानेच वाढीला हातभार लावला.

तथापि संविधानाच्या अनुच्छेद २७६ मधील या कराची वार्षिक कमाल मर्यादा १९८८ पासून २,५०० रुपयेच आहे. दरमहा तीस हजार मिळवणारा कामगार आणि दरमहा कित्येक लाख मिळवणारा अधिकारी, दोघेही सारखाच कर भरतात. उत्पन्न वाढले, वाटा गोठला.

कर वाढल्यास उद्योग दूर जातील, ही शंका निराधार नाही. म्हणूनच कामगारावर नवा बोजा न टाकता केवळ मोठ्या उत्पन्नावर चढता दर असावा. त्यासाठी घटनादुरुस्ती हवी. ती संसदेत होते आणि संसद आपल्या मतावर उभी राहते.

राजकारणात समता आणि अर्थजीवनात विषमता ही विसंगती फार काळ राहिल्यास लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. वसतिगृहात एका पंगतीत जेवून शिकलेले आपले अनेक माजी विद्यार्थी आज चांगल्या पगारावर आहेत. अधिक वाटा देण्याची मागणी देणाऱ्यांकडूनच आली, तर तिला वजन येईल. तो आवाज आपण उठवावा.