नाशिकच्या वाइनला बनावट वंशावळ नको

१/१५
जानेवारी उजाडला की नाशिकच्या द्राक्षमळ्यांची सहल आखणाऱ्यांची लगबग सुरू होते. हवा गार असते, घड भरलेले असतात. सहल अवश्य करावी. मात्र तिच्याबरोबर जो इतिहास फुकट वाटला जातो, त्याला या धाग्यात विरोध करायचा आहे. ‘यवनांच्या संगतीने नाशकात रुजलेली वाइनची दोन हजार वर्षांची परंपरा’ हे विधान निराधार आहे. आणि ते निरुपद्रवीही नाही.

२/१५
हा दावा तीन गोष्टींवर उभा केला जातो. सातवाहनकाळी पश्चिमेकडून मद्य येत होते. नाशिक आणि जुन्नर येथील लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. आज नाशिकला, तसेच जुन्नरजवळच्या नारायणगावला वाइन तयार झाली आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु तीन खरी विधाने शेजारी ठेवली म्हणून चौथे आपोआप सिद्ध होत नाही. आता एकेक साक्षीदार तपासू.

३/१५
पहिला साक्षीदार ‘पेरिप्लस’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील हे ग्रीक भाषेतील व्यापारवर्णन भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी देते. त्यात मद्य आहे. पसंती इटलीच्या मद्याला, त्याखेरीज लाओडिसियाचे आणि अरबस्तानचे. याच ग्रंथात पैठण आणि तेर या देशावरील पेठांचाही उल्लेख आहे. म्हणजे येथे पिणारे होते, विकणारे होते. पण आयातीची यादी हा स्थानिक मळ्यांचा पुरावा कसा ठरेल?

४/१५
दुसरा साक्षीदार खापरांचा. नेवासे, तेर, घारापुरी येथे ‘रोमन अँफोरा’ म्हणजे मद्य आणि तेल वाहून आणणाऱ्या कुंभांची खापरे नोंदविली गेली. पुढे रोबर्टा टॉम्बर यांनी भारतातील अशा खापरांची फेरतपासणी केली, तेव्हा त्यांतील अनेक खापरे मेसोपोटेमियाकडील निराळ्या प्रकारच्या कुंभांची निघाली. तज्ज्ञांनी हाती असलेल्या वस्तूबद्दलचे मत बदलले. आपण मात्र हाती नसलेल्या द्राक्षवेलीबद्दल ठाम आहोत!

५/१५
तिसरा साक्षीदार कौटिल्याचे अर्थशास्त्र. सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि त्याचे प्रकार उगमदेशावरून सांगितले आहेत: कापिशायन आणि हारहूरक. कापिशायन म्हणजे कपिशेचे, आजच्या अफगाणिस्तानातील. द्राक्षमद्य म्हटले की ग्रंथकाराला वायव्येचा डोंगराळ मुलूख आठवतो. गोदातीर आठवत नाही.

६/१५
चौथे साक्षीदार खुद्द यवन. नाशिकच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातील लेख उत्तरेकडील दत्तामित्री येथील यवनाचा आहे. नाव इंद्राग्निदत्त, वडिलांचे नाव धर्मदेव. त्याने लेणे, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी करविली. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. ज्यांच्या नावावर आपण मद्याची परंपरा खपवितो, त्यांनी दगडात कोरून ठेवले आहे ते पाण्याचे दान.

७/१५
मग दख्खनमध्ये द्राक्ष नव्हतेच काय? होते. चौदाव्या शतकात आलेला इब्न बतूता दौलताबादच्या द्राक्षांचा आणि डाळिंबांचा उल्लेख करतो आणि ती वर्षातून दोनदा येतात असे सांगतो. ही नोंद मोलाची आहे. पण ती फळाची नोंद आहे, मद्याची नव्हे. आणि दौलताबादची आहे, नाशिकची नव्हे. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच त्याच्या तोंडी घालावे.

८/१५
आता खरा इतिहास. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्राच्या साहाय्याने फेसाळ वाइन होऊ लागली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकच्या गंगापूर धरणालगत वाइनच्या द्राक्षांची लागवड झाली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, करसवलती दिल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क आखले गेले. ही परंपरा पुरती पन्नास वर्षांचीही नाही. यात लाजण्यासारखे काय आहे?

९/१५
उलट यात अभिमानाची जागा आहे. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात निद्रिस्त होते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून येथे छाटणी दोनदा करतात: उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. त्यामुळेच युरोपात द्राक्षकाढणी शरद ऋतूत, तर नाशकात जानेवारी ते मार्च. हे वेळापत्रक कोण्या यवनाने दिलेले नाही. निफाड-दिंडोरीच्या बागाइतदारांनी आधी खाण्याच्या द्राक्षांवर हात बसविला, आणि वाइनचे मळे त्याच अनुभवाच्या शेजारी उभे राहिले.

१०/१५
‘थोडी गोष्ट रंगविली तर बिघडले कुठे?’ असे विचारले जाते. बिघडते ते असे: दोन हजार वर्षांची काल्पनिक परंपरा पुढे आली की चाळीस वर्षांचे प्रत्यक्ष कष्ट अदृश्य होतात. ‘भारताची नापा’ ही बिरुदावलीही त्याच न्यूनगंडातून येते. खुद्द नापाचा वाइनधंदा एकोणिसाव्या शतकातला आहे. त्यांना रोमन पूर्वज शोधावे लागले नाहीत.

११/१५
याच अप्रामाणिकपणाची दुसरी बाजूही आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीला मुभा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मोठा वाद पेटला. अशा वादांत एक बाजू म्हणते, ‘हे आमच्या मातीत कधी नव्हतेच’. दुसरी म्हणते, ‘हे आमचे प्राचीन वैभव’. भडोचचे बंदर पहिलीला खोटे पाडते, पुराव्याचा अभाव दुसरीला. वाइन विकावी की नाही, हा आजचा प्रश्न आहे. आरोग्य, शेती आणि महसूल यांच्या आधारे तो आजच सोडवावा; सातवाहनांना साक्षीला ओढू नये.

१२/१५
आणि सर्वांत मोठे नुकसान हे, की खोट्या गोष्टीच्या नादात खरी गोष्ट रस्त्यावरच राहून जाते. नाशिकहून गंगापूर धरणाकडे, म्हणजे मळ्यांकडे जाताना, गोवर्धन नावाचे गाव लागते. लेण्यांतील शिलालेखांमधले गोवर्धन ते हेच, असे अभ्यासक मानतात. मोटारी तेथून भरधाव जातात. कोणी थांबत नाही.

१३/१५
१० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रखर्च. हिशेब करून पाहा. २,००० वर वार्षिक २४०. वीस गुणिले बारा, तेही २४०. मुद्दलाला हात लागणार नाही, एवढा चोख व्यवहार विणकरांच्या भरवशावर कोरला गेला.

१४/१५
याहून थरारक प्राचीनता कोणत्या बाटलीवर छापणार? पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडली. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला आहे. त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख ३ क्रमांकाच्या लेण्यात आहे. मद्य ज्या सागरी व्यापाराने आले, त्या व्यापाराच्या वाटांसाठीची ही झुंज होती. यवन, मद्य, विणकर आणि राजे या कथेत सगळे आहेत. फक्त द्राक्षमळा नाही.

१५/१५
म्हणून सहल अशी आखा. दिवस फेब्रुवारीतले धरा. पहिली सकाळ त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत. ३, १० आणि १७ ही लेणी सावकाश पाहा. दुपारी गोवर्धनला थांबा, मग मळा गाठा. दुसरा दिवस निफाड-दिंडोरीकडे. परवानगी घेऊन एखाद्या बागेत जा आणि बागाइतदाराला दोन छाटण्यांविषयी विचारा. ज्यांना वाइन चाखायची असेल त्यांनी चाखावी, गाडी दुसऱ्याने चालवावी. आणि कोणी प्याला उंचावून ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ म्हणाले, तर नम्रपणे एवढेच विचारा: कोणत्या लेण्यात, कोणत्या ओळीत?